शाळेतल्या पोलीस ऑफिसरने "सहज गप्पा मारायला" बोलावलंय, जाऊ का?

ताई, नमस्कार. आम्ही डॅलसच्या उत्तरेला एका सबर्बमध्ये राहतो. मिस्टर एच-वन-बी वर, मी आणि मुलगा एच-फोर वर, ग्रीन कार्डच्या रांगेत. मुलगा अकरावीत आहे, नोव्हेंबरमध्ये १७ पूर्ण होतील. गेल्या गुरुवारी शाळेच्या बाथरूममध्ये त्याच्या मित्राकडे वेप (ई-सिगरेट) सापडला, हा बाजूलाच उभा होता. असिस्टंट प्रिन्सिपलने दोघांना वेगवेगळं ऑफिसमध्ये बोलावलं, तिथे शाळेतले पोलीस, एसआरओ म्हणतात ना ते, पण बसलेले. पाऊण तास प्रश्न विचारले, फोन अनलॉक करून बघितला, एका कागदावर सगळं लिहून घेतलं, सही घेतली. आम्हाला फोन नाही की मेसेज नाही. मुलाने लिहून दिलंय की मित्राकडे टीएचसीवाला, म्हणजे गांजातल्या नशेचा, वेप असतो हे मला माहीत होतं आणि मी पण एकदा ओढून बघितलाय. काल त्या ऑफिसरचा मला फोन आला, इतका गोड बोलला, म्हणाला सोमवारी मुलाला घेऊन स्टेशनवर या, सहज गप्पा मारू, ही इज नॉट इन ट्रबल. मिस्टर म्हणतात जाऊया, माफी मागूया, मिठाईचा बॉक्स नेऊया, विषय संपेल. त्यांनी मुलाला स्नॅपचॅट पण उडवून टाकायला सांगितलंय, अजून उडवलेलं नाही. उवाल्डेच्या शाळेत गोळीबार झाल्यावर मीच पीटीएमध्ये शाळेत पोलीस पाहिजे म्हणून सह्या गोळा करत फिरत होते, आणि आता काही पालक एसआरओ नकोच म्हणून पिटिशन काढतायत, त्यावर सही करू का तेही कळत नाही. लेक शाळेत जायला नाही म्हणतोय. काय करू?

— एक आई, टेक्सास

अगं, आधी दोन गोष्टी सांगते त्या आजच्या आज कर, बाकीचं मग चहा घेऊन निवांत वाच.

स्नॅपचॅट उडवायचं नाही. मेसेज, फोटो, मित्राबरोबरचं चॅट, काही म्हणजे काही डिलीट करायचं नाही. चौकशी चालू आहे हे माहीत असताना पुरावा नाहीसा करणं हा टेक्सासमध्ये स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो फेलनी (गंभीर गुन्हा) आहे, म्हणजे बाथरूममधल्या वेपमधून कदाचित सुटेल तो पोरगा आणि डिलीटच्या बटणात अडकेल, वर ते करायला सांगणारे वडीलही त्याच्या शेजारी उभे असतील. मिस्टरांना हे आत्ता जाऊन सांग, मी थांबते.

आणि सोमवारी स्टेशनवर जायचं नाही. उलट बोलायचं नाही, भांडायचं नाही, फोनवर "पण ऑफिसर माझा मुलगा तसा नाहीये हो" असं रडगाणंही गायचं नाही, कारण तुझ्या तोंडून सुद्धा दोन वाक्यं अशी निघतील की ती रिपोर्टात जातील. एक साधा मेसेज, की धन्यवाद, आम्ही वकिलाशी बोलतोय, यापुढे मुलाशी जे काही बोलायचं ते वकिलामार्फत. बस. याने ऑफिसर चिडेल असं वाटतं ना, नाही चिडत, त्यांना रोजची सवय आहे, चिडला तरी तो त्याचा प्रश्न.

आता हे का ते समजून घे, कारण मिस्टरांना पटवायचं काम तुला करायचंय. अमेरिकन पिक्चरमध्ये पोलीस "यू हॅव द राइट टू रिमेन सायलेंट" म्हणतात ते सगळ्यांना पाठ असतं, पण ते कधी म्हणावं लागतं, तर माणूस ताब्यात असेल आणि त्याला प्रश्न विचारायचे असतील तेव्हा. तू आपल्या गाडीतून, आपल्या पायांनी, मिठाई घेऊन स्टेशनवर गेलीस तर ते ताब्यात असणं नाही, ती तुमची राजीखुशीची भेट, मग हक्क वाचून दाखवायची गरज नाही आणि बोललेलं सगळं वापरता येतं. ते गोड बोलणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे, तो माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. "ट्रबलमध्ये नाही" हे वाक्य म्हणजे कसलंही लेखी आश्वासन नाही, आणि मुळात केस घ्यायची की नाही हे त्या ऑफिसरच्या हातात नसतंच, ते प्रॉसिक्युटर, म्हणजे सरकारी वकील, ठरवतो.

टीएचसीचं म्हणशील तर बऱ्याच देसी घरांत अजून हे माहीतच नाही की टेक्सासमध्ये साधा निकोटिनचा वेप आणि टीएचसी तेल असलेला वेप यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. निकोटिनवाला २१ च्या आतल्या मुलाकडे सापडला तर छोटा दंड आणि शाळेची शिक्षा. टीएचसीचं तेल मात्र अगदी थेंबभर असलं तरी फेलनी. गांजाची पुडी सापडली तर मिसडिमिनर, म्हणजे हलका गुन्हा, आणि तेलाचा थेंब सापडला तर फेलनी, असा उफराटा कायदा आहे, कॅलिफोर्नियातल्या तुझ्या मैत्रिणीला सांगितलंस तर ती हसेल, पण आहे हे असं आहे. आणि पोरं ते पेनाएवढं यंत्र च्युइंगगमसारखं एकमेकांना देत घेत असतात.

वय बघ आता. टेक्सासमध्ये १७ व्या वाढदिवसापासून मूल फौजदारी कायद्याच्या लेखी अ‍ॅडल्ट. मतदान नाही, बिअर नाही, पण कोर्ट मोठ्यांचं. जे झालं ते १६ व्या वर्षी झालंय, म्हणजे ते ज्युवेनाईलमध्ये, मुलांच्या कोर्टातच बघितलं जाईल, हे तुमचं नशीब. इमिग्रेशनच्या दृष्टीने ज्युवेनाईल कोर्टाचा निकाल हा सहसा कन्व्हिक्शन, म्हणजे गुन्हा शाबीत, धरत नाहीत, ही मोठी गोष्ट आहे तुमच्यासाठी. पण नोव्हेंबरनंतर हेच परत झालं तर? टेक्सासमधले वकील अशा वेळी "डिफर्ड" घेऊया म्हणतात, वर्षभर नीट वागला की केस डिसमिस, अमेरिकन मुलांसाठी ते उत्तम असतं, पण गुन्हा कबूल करून घेतलेलं डिफर्ड इमिग्रेशनवाले कन्व्हिक्शनच धरतात. आणि ग्रीन कार्डच्या आय-४८५ फॉर्मवर कधी अटक झाली का हा प्रश्न असतोच. म्हणून दोन वकील लागतील. एक ज्युवेनाईल डिफेन्सवाला, तुमच्याच काउंटीच्या कोर्टात रोज उभा राहणारा, आपल्या ओळखीतले घराच्या क्लोजिंगचे कागद बघणारे काका नव्हेत. दुसरा इमिग्रेशनवाला, तासाभराच्या सल्ल्यापुरता, पण कंपनीचा वकील नको, कारण तो कंपनीचाही वकील असतो आणि घरातली ही गोष्ट मिस्टरांच्या ऑफिसपर्यंत जायचं काही कारण नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की वकील केला म्हणजे गुन्हा कबूल केला असं वाटतं, चार लोक काय म्हणतील ते वेगळंच. इथे उलटं आहे गं, पायरी चढायची वेळ येऊ नये म्हणूनच आधी वकील. मिठाईचा बॉक्स फ्रिजमध्ये ठेव, दिवाळीला उपयोगी येईल. आणि मंडळातले कोणीतरी सिटी कौन्सिलच्या मेंबरला ओळखतात, शब्द टाकूया का, हा विचार मिस्टरांच्या मनात आला असेलच (येतोच, आपल्याकडे पहिला तोच येतो), तर तोही नको.

आता तू विचारलेलं नाहीस पण तुझ्या पत्रात ओळीओळीत आहे ते, की आम्हाला न कळवता त्यांनी हे केलंच कसं. तर खेदाची गोष्ट ही की बऱ्याच अंशी करता येतं. शाळेला मुलांची झडती घ्यायला, प्रश्न विचारायला पोलिसांपेक्षा बरीच मोकळीक आहे, १९८५ च्या एका केसमध्ये, न्यू जर्सी विरुद्ध टी. एल. ओ., सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शाळेच्या लोकांना वाजवी संशय पुरे, पोलिसांना लागतं तसं पक्कं कारण लागत नाही. ती केस पण बाथरूममधल्या सिगरेटचीच होती बघ. पण एकाच खोलीत असिस्टंट प्रिन्सिपल आणि गणवेशातला पोलीस दोघं बसलेले असतील तर झडती शाळेची की पोलिसांची? ही पळवाट आहे आणि कोर्टांनी यावर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं म्हटलंय. २०११ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एका सातवीतल्या मुलाची केस सुप्रीम कोर्टात गेली, त्यालाही असंच शाळेच्या कॉन्फरन्स रूममध्ये बसवून पोलिसांनी अर्धा-पाऊण तास विचारलं होतं, घरी न कळवता, हक्क न सांगता. कोर्टाने म्हटलं की मूल ताब्यात होतं की नाही हे ठरवताना त्याचं वय बघायला पाहिजे, कारण मोठा माणूस उठून जाऊ शकतो, शाळेतल्या मुलाला असं उठून जाता येतं हे वाटतच नाही. टेक्सासमध्ये तर १७ च्या आतल्या मुलाचं ताब्यात असताना घेतलेलं लेखी स्टेटमेंट मॅजिस्ट्रेटसमोर सही व्हावं लागतं असा नियम आहे, तेव्हा तुझ्या लेकाचा तो सही केलेला कागद कोर्टात टिकतो की नाही यावर वकिलाला बोलायला भरपूर जागा आहे. तुम्ही घरी त्यावर खल करू नका.

तुझं काम एवढंच की शाळेला आजच ईमेल करायचा. तीन-चार ओळी. गुरुवारी कोण कोण खोलीत होतं, किती वेळ, लेखी स्टेटमेंटची कॉपी द्या, आणि यापुढे पोलीस हजर असताना आमच्या मुलाला प्रश्न विचारायचे झाले तर आधी आम्हाला फोन करा. राग नाही, भूमिका नाही, थेट मुद्दा. स्टेटमेंट शाळेने घेतलं असेल तर ते त्याच्या स्टुडंट रेकॉर्डचा भाग आहे आणि फर्पा कायद्याने पालकांना ४५ दिवसांत बघायला मिळायला हवं. ऑफिसरने घेतलं असेल तर ते पोलिसांचं, शाळा हात वर करेल, आणि ते हात वर करणं हेच तुला लेखी पाहिजे, म्हणजे त्या खोलीत चौकशी नक्की कोण करत होतं ते आपोआप कळेल.

हा माणूस नक्की कोण, हे नीट समजून घे म्हणजे पिटिशनचं पण सोपं जाईल. आपल्या डोक्यात शाळेतला पोलीस म्हणजे पुण्यातल्या "पोलीस काका" योजनेतले काका, येतात, मुलांना चांगल्या चार गोष्टी सांगतात, नंबर देतात, जातात. इथला एसआरओ जात नाही. तो शहराच्या पोलीस खात्याचा पूर्ण अधिकाराचा शिपाई असतो, कमरेला पिस्तूल, अटकेचा अधिकार, आणि रोज ८ ते ४ शाळेत. शहर आणि स्कूल डिस्ट्रिक्ट यांच्यात करार असतो, टेक्सासमध्ये इंटरलोकल अ‍ॅग्रीमेंट म्हणतात, पगार कुठे अर्धा-अर्धा, कुठे डिस्ट्रिक्ट जास्त देतो, पण वरिष्ठ त्याचा पोलीस खात्यातला सार्जंट, प्रिन्सिपल नव्हे. काही डिस्ट्रिक्टनी तर स्वतःचं वेगळं पोलीस खातंच काढलंय.

१९५० च्या दशकात मिशिगनमधल्या फ्लिंट गावात हे सुरू झालं, हेतू हाच की मुलांची पोलिसांशी ओळख व्हावी. मग १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेतला गोळीबार झाला आणि वॉशिंग्टनहून शाळेत पोलीस नेमायला पैसे यायला लागले आणि गावोगाव एसआरओ आले. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचंच सूत्र आहे की एसआरओची कामं तीन, कायदा राखणं, शिकवणं आणि अनौपचारिक समुपदेशन. गोम आहे ती या तिसऱ्यात. तुझा लेक त्या ऑफिसरला सकाळी फिस्ट बंप देत असणार, काउबॉइजच्या मॅचवर बोलत असणार, त्याला तो आवडतही असणार, आणि म्हणूनच त्या खोलीत तो घडाघडा बोलला. शाळेच्या काउन्सेलरला सांगितलेलं थोडंफार तरी झाकलेलं राहतं. एसआरओला सांगितलेलं पोलिसाला सांगितलेलं असतं. एकच माणूस, सकाळी ८ वाजता काका आणि ११ वाजता तपास अधिकारी, आणि मधे टोपी बदललेली दिसत नाही.

"आपली मुलं अभ्यासू, आपल्याला काय त्याचं" हे मंडळाच्या पॉटलकला मी इतक्यांदा ऐकलंय. शाळांमधून पोलिसांकडे गेलेल्या किंवा अटक झालेल्या मुलांत काळी मुलं त्यांच्या संख्येच्या मानाने दुपटीने, २०१५-१६ च्या सरकारी आकड्यांत शाळेतली मुलं १५ टक्के आणि पोलिसांकडे गेलेल्यांत ३१ टक्के, ते आपण वाचतो आणि पान उलटतो. पण तुझ्या घरापासून तासाभराच्या आत अर्व्हिंगमध्ये २०१५ मध्ये काय झालं आठवतंय? १४ वर्षांचा सुदानी कुटुंबातला मुलगा, घरी बनवलेलं घड्याळ कौतुकाने टीचरला दाखवायला घेऊन गेला, आणि बेड्या घालून बाहेर आला. केस पुढे नेली नाही, नंतर व्हाइट हाउसमधून बोलावणं आलं वगैरे, पण शाळेने तीन दिवस सस्पेंड केलंच. अभ्यासूच होता तो.

लेकाचं बघूया. शाळेत पाठव. दोन दिवस पोटात दुखतंय म्हणून ठेवलंस तर ठीक, पण बिनपरवानगीच्या गैरहजेऱ्या सहा महिन्यांत १० झाल्या की ट्रुअन्सीचं वेगळंच लचांड मागे लागतं. कॉरिडॉरमध्ये ऑफिसर भेटेल, भेटू दे, गुड मॉर्निंग म्हणायचं आणि क्लासला जायचं, तोंड चुकवायचं नाही आणि थांबून गप्पाही मारायच्या नाहीत. परत ऑफिसात बोलावलं तर जायचं, उर्मटपणा नाही, पण बसल्यावर एकच वाक्य, "आय वॉन्ट टू कॉल माय पेरेंट्स अँड आय वॉन्ट अ लॉयर." फोन मागितला तर "आय डोन्ट कन्सेंट टू अ सर्च." पोलिसांना फोन उघडून बघायला वॉरंट लागतं हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच सांगितलंय, पण आपण होऊन पासकोड दिला की वॉरंटचा प्रश्नच संपला. खोटं मात्र अजिबात बोलायचं नाही, खोटं बोलणं आणि गप्प बसणं यात फरक आहे. ही वाक्यं त्याच्याकडून घरी मोठ्याने म्हणवून घे, हसू दे त्याला, १६ वर्षांच्या मुलाच्या तोंडून मोठ्या माणसासमोर "नाही" निघायला सराव लागतो, आपण तर वर्षानुवर्षं उलटाच सराव करून घेतलेला असतो.

आणि त्याला घरी खोदून खोदून विचारू नका. कधी ओढलास, कोणी दिला, किती वेळा, हे तो वकिलाला सांगेल, वकिलाला सांगितलेलं गुप्त राहतं, आईवडिलांना सांगितलेलं कायद्याने गुप्त राहीलच असं नाही. शिवाय आत्ता त्याला सगळ्यात जास्त काय खात असेल, तर मित्राचं नाव लिहून दिलं ते. पोलिसांपेक्षा त्याची शरम मोठी असते या वयात, शाळेत न जाण्याचं खरं कारण तेच असावं असं मला वाटतं. बाबांनी एक दिवस तरी राग गिळून त्याच्याबरोबर गाडीतून चक्कर मारून यावं, विषय न काढता. मित्राच्या आईला फोन करायची उबळ येईल तुला, करू नकोस, तिच्या मुलाचं आणि तुझ्या मुलाचं हित आत्ता एकाच बाजूला असेलच असं नाही. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर "अ फ्रेंड इज आस्किंग" करून सुद्धा काही टाकू नकोस, पाच मिनिटांत कळतं सगळ्यांना कोणती फ्रेंड ते.

राहता राहिलं पिटिशन. उवाल्डेनंतर तू सह्या गोळा केल्यास त्याबद्दल मनाला लावून घेऊ नकोस, त्या आठवड्यात १९ लेकरांचे फोटो बघून कोणती आई गप्प बसली असती. पण त्या दिवशी तिथे पोलीस नव्हते असं झालेलं नाही. उवाल्डेच्या डिस्ट्रिक्टचं स्वतःचं पोलीस खातं होतं, सगळीकडून मिळून ३७६ पोलीस जमले, आणि आत शिरायला ७७ मिनिटं लागली. त्याआधी २०१८ मध्ये फ्लोरिडात पार्कलंडला १७ जण गेले, शाळेवर नेमलेला डेप्युटी बाहेर थांबून राहिला, त्याच्यावर खटला भरला आणि २०२३ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. उलट २०२४ मध्ये जॉर्जियातल्या अ‍ॅपलाची हायस्कूलमध्ये एसआरओ काही मिनिटांत समोर गेले आणि मारेकरी शरण आला, चार जीव गेले होते पण आणखी जाऊ शकले असते. म्हणजे शाळेत पोलीस असला की वाचतोच असं नाही आणि नसला की बरं असंही नाही. १९८० ते २०१९ मधल्या १३३ प्रसंगांचा एक अभ्यास जामा नेटवर्क ओपन या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, त्यात हत्यारी पहारेकरी असलेल्या शाळांत बळी कमी दिसले नाहीत, जास्तच दिसले, पावणेतीन पटीच्या आसपास. त्यावरून पहाऱ्यामुळेच बळी वाढले असं सिद्ध होत नाही, पण पोलीस ठेवला की झोप लागेल हेही त्यातून निघत नाही.

मग नकोच म्हणून सही करायची का? तू मिनियापोलिसला असतीस तर मी म्हटलं असतं विचार कर. तिथल्या स्कूल बोर्डाने जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यावर आठवड्याभराने, जून २०२० मध्ये, शहर पोलिसांबरोबरचा करार तोडला. डेन्व्हरने पण तोडला, मग मार्च २०२३ मध्ये ईस्ट हायस्कूलमध्ये दोन कर्मचाऱ्यांवर गोळीबार झाला आणि बोर्डाने पोलीस परत आणले. पण तू टेक्सासमध्ये आहेस. इथे २०२३ पासून कायदाच आहे, हाउस बिल ३, की प्रत्येक कॅम्पसवर एक हत्यारी माणूस पाहिजे. आणि त्यात सूट अशी की पोलीस मिळत नसेल, परवडत नसेल तर डिस्ट्रिक्ट दुसरी सोय करू शकतो, म्हणजे ट्रेनिंग घेतलेला, पिस्तूल बाळगणारा शाळेचाच कर्मचारी सुद्धा चालतो. सरकारने तेव्हा दर कॅम्पसला १५,००० डॉलर दिले, एवढ्यात कुठला पोलीस वर्षभर मिळतो! तर तुमचं पिटिशन उद्या जिंकलं तरी शाळेतली बंदूक जाणार नाही, ती दुसऱ्या कोणाच्यातरी कमरेला जाईल, आणि त्याचं ट्रेनिंग या ऑफिसरपेक्षा कमी असू शकतं. म्हणून मी सही करणार नाही म्हणेन. पिटिशनवाल्या पालकांशी भांडू मात्र नकोस, ती तुझी माणसं आहेत, त्यांना बरोबर घे आणि मागणी बदला.

मागणी काय, तर तो करार. शहर आणि डिस्ट्रिक्टमधला. बहुतेक ठिकाणी तो बोर्डाच्या मीटिंगमध्ये कन्सेंट अजेंड्यावर, लॉनमोवरच्या आणि कॅफेटेरियाच्या दुधाच्या कॉन्ट्रॅक्टबरोबर, एका हातवाऱ्यात मंजूर होतो आणि कोणी वाचत नाही. तो पब्लिक कागद आहे, टेक्सासच्या पब्लिक इन्फर्मेशन अ‍ॅक्टखाली ईमेल करून मागायचा, त्यासाठी नागरिक असायची गरज नाही, एच-फोरवाली पण मागू शकते, आणि कागद अडवून धरायचा असेल तर त्यांना १० कामाच्या दिवसांत अ‍ॅटर्नी जनरलकडे जावं लागतं, म्हणून सहसा देऊन टाकतात. हातात आला की शोध की पालकांना कधी फोन करायचा यावर एक तरी ओळ आहे का. मी पैज लावते, गाड्यांच्या पेट्रोलचा खर्च कोणाचा यावर परिच्छेद असेल आणि पालकांच्या फोनवर ओळ नसेल. शाळेची चौकशी चालू असताना ऑफिसरने खोलीत बसायचं का, बसला तर ती पोलिसांची चौकशी धरायची का, बॉडी कॅमेरा चालू ठेवायचा का आणि रेकॉर्डिंग कोणाकडे राहतं, वर्षाला किती मुलांना अटक किंवा सायटेशन, तक्रार करायची तर कोणाकडे, हे त्यात लिहून मागा. टेक्सासच्या २०१९ च्या कायद्याप्रमाणे रोजच्या शिस्तीची कामं एसआरओला देता येत नाहीत, त्याचा उल्लेख करारात आहे का तेही बघ, म्हणजे उद्या क्लासमध्ये उलट बोलला म्हणून कोणाच्या पोराला याच खोलीत बसवणार नाहीत. इलिनॉयमध्ये २०१९ पासून कायदा आहे की गुन्ह्याचा संशय असलेल्या मुलाला शाळेत पोलिसांनी विचारण्याआधी पालकांना कळवायचा प्रयत्न केलाच पाहिजे. तो कायदा एका सबर्बमधल्या मुलाने अशा चौकशीनंतर जीव दिला त्यानंतर झाला. तुमच्या डिस्ट्रिक्टला अशी ओळ करारात घालायला ऑस्टिनची, म्हणजे राज्य सरकारची, परवानगी लागत नाही.

करार बहुतेक दरवर्षी नव्याने येतो, साधारण उन्हाळ्यात, नवीन बजेटबरोबर. बोर्डाच्या मीटिंगला अजेंड्यावरच्या विषयावर बोलायचा हक्क टेक्सासमध्ये कायद्याने आहे, दोन-तीन मिनिटं मिळतात, आधी नाव नोंदवावं लागतं आणि तो फॉर्म बऱ्याचदा मीटिंगच्या दिवशी दुपारीच बंद होतो. लेकाची गोष्ट तिथे सांगायची नाही, वकील हो म्हणेपर्यंत तर नाहीच. फक्त कागदावर बोल. सात-आठ पालक एकाच ओळीची मागणी घेऊन उभे राहिले तर ट्रस्टी मान वर करून बघतात, निवडून यायचं असतं त्यांना. आणि जाताना त्या ऑफिसरच्या सार्जंटलाही भेटून ठेवा, त्यांनाही हे नियम स्पष्ट असलेले हवेच असतात, कोर्टात स्टेटमेंट बाद झालं तर नाक त्यांचं कापलं जातं.

पण हे सगळं पुढच्या महिन्यांतलं. सोमवारच्या आत वकील.

— ताई